वडिलांचं नाव विचारलंस का?

अप्पा, मी अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला चुकून मारलं. ही चूक कशी झाली ते तुमच्याशिवाय कुणाला नीट कळणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला, इतिहासात एम.ए. करते. प्रबंध लंडनमधल्या एका चांदीच्या कारागिरावर आहे, अठराव्या शतकातल्या. राजांवर सगळेच लिहितात, चमचे घडवणाऱ्यावरही कुणीतरी लिहायला हवं, असं मी प्रवेशाच्या अर्जात मोठ्या तावातावाने लिहिलं होतं. त्या बिचाऱ्याचं एक पत्रसुद्धा उरलेलं नाही. चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, कारागिरांच्या संघाच्या वहीत उमेदवारीची, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकायला राहिल्याची, नोंद. एवढ्यावर माणूस उभा करायचा. सहा महिने मी त्या वह्यांची छायाचित्रं डोळे फोडून वाचते आहे. फेब्रुवारीत त्याच्या दफनाची ओळ सापडली तेव्हा ग्रंथालयात ढसाढसा रडले. शेजारच्या मुलाने सायकल चोरीला गेली का म्हणून विचारलं. घरी येऊन वरणभात खाल्ला, गोड काही नाही, आणि त्याच्या अकाली अंतावर एक अख्खं प्रकरण लिहून काढलं.

गेल्या सोमवारी प्राध्यापकबाईंनी ते परत दिलं. इथली माणसं तोंडावर बोलतात. "छान लिहिलंयस. पण दफनानंतर तीन वर्षांनी हा नवा उमेदवार ठेवून घेतोय. मेल्यावरही बराच कामसू दिसतो." शुक्रवारपर्यंत दुरुस्त करायचं, नाहीतर पदवी पुढच्या वर्षी. आणि आई तर गल्लीभर सांगून बसलेली.

तिला फोन केला. "मेला नव्हता? मग बरंच झालं की," ती म्हणाली. "चौकशी तर अशी करतीयस, जणू स्थळच सांगून आलंय. वडील काय करायचे त्याचे?"

वडिलांची नोंद होती. मी ती बघितलीच नव्हती.

मग ते लग्नसराईतले दिवस आठवले. भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून तुम्ही नावं घालताय, मशीनची टर्रटर्र चालू आहे, मी शेजारी बसून गिऱ्हाइकांची नावं कागदावर उतरवून घेते आहे. दोन लग्नं, एकच आडनाव, नवऱ्यामुलींची नावंही एकच. एकीच्या आत्याने दिलेली कळशी मी दुसरीच्या रुखवतात पाठवली. आत्या दुकानासमोर उभी राहून तुम्हाला वाट्टेल ते बोलली. ती गेल्यावर तुम्ही मशीन बंद केलंत. "वडिलांचं नाव विचारलंस का, बये? नुसत्या नावाने माणूस सापडत असता तर पोस्टमनला पगार कशाला दिला असता?"

मंगळवारी सकाळी बाप्तिस्म्याच्या वह्या पुन्हा उघडल्या. एकाच चर्चच्या हद्दीत त्याच नावाचे दोघे: एक नावाड्याचा मुलगा, दुसरा केसांचे टोप करणाऱ्याचा. उमेदवारीच्या वहीत माझ्या माणसापुढे स्वच्छ लिहिलंय, वडील नावाडी, मयत. म्हणजे मी रडले ती टोपवाल्याच्या मुलासाठी. माझा माणूस पुढे कितीतरी वर्षं चमचे ठोकत बसला होता.

काल प्रबंध दिला. इथे आल्यापासून मी माझं नाव दोनच शब्दांत लिहायचे, मधलं तुमचं गाळायचे. दवाखान्यातल्या बाई मला तुमच्याच नावाने हाक मारतात, असं कारण सगळ्यांना सांगायचे. मारायच्याही. पण खरं कारण ते नव्हतं. अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'धातुकला' लिहिलं होतं. आता मुखपृष्ठावर तिन्ही नावं आहेत, आणि आत, आभारांच्या पानावर, त्या वहीतल्यासारखी एक ओळ: वडील भांड्यांवर नावं घालायचे, मयत.

हे पत्र प्रबंधाच्या माझ्या प्रतीत ठेवून देते. एक सांगायचं राहिलं. मी बारावीत असताना तुम्ही गेलात, तेव्हा मी रडले नव्हते. आलेल्यांना चहा पुरतोय का ते बघत होते. टोपवाल्याचा मुलगा तिकडे भेटला तर त्याला एवढं मात्र सांगू नका, की ग्रंथालयातलं ते रडणं त्याच्यासाठी नव्हतं.