आट्यांतलं कुंकू

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय भूपेंद्र भाऊजी,

तुम्हाला आणि माझ्या जावेला, मंगलाला, आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. धूलकोटला यंदा केळी कशी आहे? फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

रविवारी टेम्पो आणू नका. तुमच्या दादांच्या दुकानातलं काहीही भंगारात जाणार नाही, सुटे भाग जबड्यात धरून ठेवणारा तो लोखंडी वाइस तर नाहीच.

"दादा गेला, वहिनी, आन् हा वाइसबी गेला. स्क्रूचे आटे खलास. कबाडीले देऊ, दुकान भाड्यानं लावू," असं तुम्ही म्हणालात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून पॉवरलूमचे सुटे भाग त्या वाइसमध्ये मी आवळून दिले आणि तुमच्या दादांनी ते कानशीने घासले. त्याचा दांडा कुठे अडतो ते माझ्या हाताला कळतं.

परवा मी तो खोलला. घासलेट सोडून दिवसभर मुरू दिलं, मग लाकडी हातोडीने हलके ठोकत दांडा उलटा फिरवत गेले, तेव्हा कुठे पुढचा जबडा सुटून बाहेर आला. दांडा वाकला होता तो तुमच्यामुळे. अडलेल्या वाइसला पाइप चढवून जोर लावायचा नसतो, भाऊजी. का अडला ते आधी बघायचं असतं.

का अडला ते सांगते. आत लाल चिखल होता. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला हत्यारांची पूजा तुम्ही केलीत. वाइसवर मूठभर हळदकुंकू टाकलंत, वरून नारळाचं पाणी ओतलंत. लूमची रुई आत होतीच. सगळ्याचा गिलावा झाला आणि गंज धरला. आटे मात्र शाबूत आहेत.

दरवर्षी पूजा झाली की वाइस पुसून त्याला तेल मी देत असे. त्या दिवशी फडकं घेऊन पुढे झाले, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "वहिनी, तुम्ही आता कुंकवाले हात नका लावू. मागं उभ्या राहा." मी उभी राहिले. घरी येऊन जेवले नाही, हे मंगलालाही माहीत नाही. फार लागलं होतं मला ते.

तेच कुंकू परवा तारेच्या ब्रशने आणि नखांनी खरवडून काढलं. बोटं लाल झाली. लगेच धुतली नाहीत.

सगळं कोरडं करून ग्रीस भरलं. वाकडा दांडा बदलला. काल कौतिकभाऊ त्यांच्या लूमचा शाफ्ट घेऊन आले. दारातच थबकले. "वहिनी, काम व्हई का?" मी म्हटलं, "बसा." चहा संपायच्या आत शाफ्ट वाइसमध्ये आवळून, घासून हातात दिला.

येत्या दसऱ्याला पूजा मी करणार आहे. कुंकू जबड्यावर, बोटभर. नारळ बाजूला फोडीन. मंगलाला घेऊन नक्की या. गेल्या वर्षी मी उभी होते ती मागची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवते.

तुमची वहिनी, आणि दुकानाची मालकीण,
कोकिळा