बोटीवर फक्त मजकूर पोचतो

१४ नोव्हेंबर २००६

फोनची लाइन संध्याकाळी एकदाची आली. कौस्तुभचे दोन मेल एकदम. बोटीवर इंटरनेट नाही, नुसता मेल — तोही साधा मजकूर. फोटो जोडला की कॅप्टन ओरडतो. पण त्याने एक युक्ती शोधलीय. एका ठरावीक पत्त्यावर मेल टाकायचा. त्यात 'सेंड' लिहायचं, पुढे हव्या त्या वेबपानाचा पत्ता, नाहीतर शोधायचा शब्द. पलीकडे माणूस नसतो. मशीनच ते पान उघडतं आणि त्यातले नुसते शब्द मेलने परत पाठवतं. हवामान, क्रिकेटचा स्कोअर, सगळं असंच मागवतो म्हणे. "तू पण करून बघ. नवघरची लाइन माझ्या बोटीपेक्षा कुठे बरी आहे?"

त्याला लिहिलं — अप्पा ठीक, थोडा अशक्तपणा.

हे वाक्य आता बोटं आपोआप टाइप करतात. नसांचा आजार आहे. हात गेले, आता जीभ जड होतेय. पुढे श्वास, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी अप्पांनी मला बजावलं, "मुलाला कळवायचं नाही. भर समुद्रात काय करणार तो?" सासऱ्यांचा शब्द. पाळतेय.

१७ नोव्हेंबर

मेलची युक्ती करून बघितली. गिळता येत नसेल तर कसं भरवावं, ते मागवलं. एरवी असलं पान आपल्या लाइनवर अर्धं उघडून अडकतं. आज कुकर उतरवेपर्यंत मेल येऊन पडला होता. चित्र नाही, रंग नाही, नुसतं इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसले. पातळ देऊ नका. हनुवटी खाली करून गिळायला सांगा.

नाचणीची पेज आटवून घट्ट केली. पूर्ण वाटी गेली, एकदाही ठसका नाही! अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी भांडी घासायला गेले. रडायचं होतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

२० नोव्हेंबर

कौस्तुभने अप्पांच्या गोळीचं नाव विचारलं. तिकडे बंदरावर स्वस्त मिळाली तर घेतो म्हणाला. लिहून पाठवलं.

२ डिसेंबर

ऑफिसातली रजा संपली. बिनपगारी वाढवून घेतली. साहेब म्हणाले, "मॅडम, कब तक?" मला काय माहीत.

गोडदेवच्या गोदूबाई दुपारी येतात, अप्पांना कुशीवर वळवायला हात लावतात. आज त्या म्हणाल्या, "तू जेवली न्हाईस. तोंडावर दिसतंय." खरंच जेवले नव्हते. विसरले होते.

१८ डिसेंबर

कौस्तुभचं काँट्रॅक्ट वाढलं. कंपनीकडे बदली माणूस नाही म्हणे. मी लिहिलं — काळजी करू नकोस, इथे सगळं ठीक.

२ जानेवारी २००७

ब्राझीलच्या सँटोस बंदरातून कौस्तुभचा फोन. मी नेहमीचं सुरू केलं. त्याने मधेच थांबवलं.

"निशी, पुरे. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू गोळीचं नाव लिहिलंस ना, ते मी मेलने शोधलं. ती एकाच आजारावर देतात. मग पुढचं मागवत गेलो. तुकड्यातुकड्यांत यायचं. शेवट कसा होतो, तेही वाचलं."

"मग काँट्रॅक्ट?"

"कंपनी मला घरी सोडत होती. मीच वाढवून मागितलं. मला बघवणार नाही गं."

फोन ठेवला. रागसुद्धा धड आला नाही. भिंतीला टेकून बसले. मला बघवतं का, हे कोणी विचारलेलं नाही.

३ जानेवारी

अंग पुसताना अप्पांना सांगून टाकलं. त्याला सगळं कळलंय हे, आणि काँट्रॅक्टचंही. लपवायचं त्राण उरलं नाही. वाटलं, चिडतील. ओठ बराच वेळ हलत राहिले. त्यांचं बोलणं आता फक्त मलाच कळतं.

"बोलव त्याला," म्हणाले. "मला भीती वाटते."

हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

अप्पांचे शब्द जसेच्या तसे कौस्तुभला पाठवले. खाली माझं काही जोडलं नाही.

१६ जानेवारी

कौस्तुभ सकाळी आला. त्याच्याशी अजून बोलले नाहीये. पेजेची वाटी आणि चमचा त्याच्या हातात दिला. हनुवटी खाली कशी धरायची ते दाखवलं. मग आतल्या खोलीत जाऊन झोपले.