सोडलेला पेपर

९ एप्रिल

ठरलं म्हणे! मला न विचारता माझं काही ठरलं की आई आधी शिरा करते. सकाळी वेलचीचा वास आला तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

मुलगा बसवेश. मूळचे गडहिंग्लजचे, आता पुण्यात. कंपनीत आहे, फ्लॅट आहे, आई आहे. रविवारी बघून गेले, आज होकार आला. "आपल्यातलंच हाय, माणसं चांगली हाईत, आणि तुझ्याच लाइनीतला हाय की!" — आई. लाइन म्हणजे कॉम्प्युटर. म्हणजे दोन गवंडी भेटले की त्यांचंही लग्न लावून टाकायचं का?

मुलगा वाईट नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं! त्यानं मला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकलं. त्याची आई मात्र मध्येच हसली. मी आपल्या कोल्हापुरी सवयीनं "चहा घेऊन आलो" म्हणाले ना! "अगं, आले म्हणायचं. पुण्यात हसतील हं तुला."

मला आत्ता लग्न करायचं नाही. मला एम.एस्सी. करायची आहे, इथंच, कोल्हापुरात. एवढंच. आईला सांगितलं तर म्हणते, "लग्नानंतर कर की. तिकडं काय कॉलेजं न्हाईत व्हय?" वर्गातल्या स्वप्नालीच्या बहिणीलाही हेच सांगितलं होतं. ती आता इचलकरंजीत सासऱ्यांचं दुकान सांभाळते.

१० एप्रिल

संध्याकाळी नेहमीसारखी आमच्या दुधाच्या कट्ट्यावर. दादा धारा काढत होता, आप्पा गिऱ्हाइकांशी गप्पा मारत होते, मी पेले विसळत होते. तालमीतली पोरं, रिक्षावाले, रिटायर झालेले मास्तर — म्हशीची धार थेट पेल्यात पडते आणि फेसासकट पोटात जाते. जाता जाता सगळे मला विचारणार, "काय कॉम्प्युटर, कुठवर आलं?" गंगावेशीत माझं नाव सुष्मिता आहे हे बहुतेक फक्त रेशनकार्डाला माहीत आहे.

कुणीतरी स्थळाचं काढलं. आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी डिग्री घेतल्याबिगार उंबरा ओलांडायची न्हाय. आमच्या घरातली पयली डिग्री हाय ही. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सुपारी!"

लोक खूश. "लई भारी, आप्पा!"

कट्ट्यावर दिलेला शब्द आप्पा फिरवत नाहीत. त्यांच्या लेखी शब्द फिरवणं आणि दुधात पाणी घालणं एकच. मी पेला विसळता विसळता थांबले. डिग्रीच झाली नाही तर?

११ एप्रिल

छे! वेडेपणा.

१५ एप्रिल

वेडेपणा डोक्यातून जात नाही.

पास झाले की लग्न. नापास झाले की एम.एस्सी.चं दार बंद. दोन्हीकडून कोंडी. पण नापास झाले तर दिवाळीच्या आधी पुन्हा बसता येतं. तेवढ्यात पुण्याच्या लोकांना दुसरी कुणी पसंत पडेल. कुणीही! मी स्वतः अक्षता टाकायला जाईन.

स्वप्नालीला सांगितलं. लायब्ररीत एवढ्या मोठ्यांदा ओरडली की शिपाई आत आला. "येडी हाईस काय? वर्गात पयली येणारी तू! सरळ आप्पांना सांग की!"

सरळ सांग म्हणे. हिचे वडील भांडतात, ताट आपटतात, मग अर्ध्या तासात भेळ घेऊन येतात. आप्पांशी भांडताच येत नाही. त्यांना माझा अभिमान आहे. माझी फी भरायला स्वतः येतात, ऑफिसातल्या बाईला माझे मार्क सांगतात. अशा माणसाला "मला नको" कसं म्हणायचं?

२४ एप्रिल

सोडला! ओएसचा पेपर सोडला. ऑपरेटिंग सिस्टीम, माझा सगळ्यात आवडता विषय. तोच निवडला, कारण बाकीच्या विषयांत किती सोडलं की नापास होईन याचा अंदाज येत नव्हता.

ठरवून गेले होते, थोडंसं लिहायचं आणि गप्प बसायचं. पण पेज रिप्लेसमेंटचं गणित आलं. मेमरीत जागा संपली की कुठलं पान बाहेर काढायचं, ते. हात ऐकेना. सगळं सोडवलं, तक्ता आखून, पट्टीनं. उत्तर बरोबर आलं. आणि मग त्यावर तिरकी रेघ मारली. बाकावर डोकं ठेवून बसले. सुपरवायझरनं विचारलं, "बरं वाटत न्हाय काय?" नाही म्हणाले. खरंच नव्हतं वाटत.

बाहेर दादा मोटारसायकल घेऊन उभा. "कसा गेला?" "बरा." "बरा म्हंजे फाडलास!" आणि मला रंकाळ्यावर नेऊन आइस्क्रीम खायला घातलं. सगळं संपवलं मी.

२५ एप्रिल

त्या रेघेचीच आठवण येते. हाताला जणू माझीच चीड आलीय.

९ मे

परीक्षा संपल्या. आई बसवेशच्या आईशी रोज फोनवर बोलते. आज फोन माझ्या हातात दिला. "काय म्हणतेस? आलो का आले?" त्या हसल्या, मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

६ जून

निकाल. ओएसमध्ये नापास.

मला माहीत होतं. मीच केलं होतं. तरी ते अक्षर मोबाइलवर तीनदा रिफ्रेश करून बघितलं.

आई आधी म्हणाली वेबसाइट चुकली असेल. मग रडली. आप्पा संध्याकाळी कट्ट्यावर गेले नाहीत. डोळे आले तरी, ताप आला तरी गेलेला माणूस! मी आणि दादा गेलो. "काय कॉम्प्युटर, हँग झालं व्हय?" एक रिक्षावाला म्हणाला. दादानं त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि धार बंद केली. "उद्यापास्नं दुसरा कट्टा बघायचा, पावणं."

पुण्याला कळवलं. ते थांबतो म्हणाले. जे हवं होतं ते झालं. मग मला आनंद का होत नाही?

९ जून

संयोगिता मॅडमनी बोलावलं. ओएस त्याच शिकवतात. "तू? माझ्या विषयात?" मी म्हटलं, ताप होता. त्या म्हणाल्या, "एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला पहिली येशील असं मी स्टाफरूममध्ये सांगून बसले होते गं." शरमेनं मेले.

११ जून

दादानं घात केला!

रिव्हॅल्युएशन. पेपर पुन्हा तपासायला तो टाकून आला. मला न सांगता! दहावीनंतर ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही तो विद्यापीठात जाऊन रांगेत उभा राहिला, सगळं विचारून भरून आला. "माझी बहीण नापास व्हायची न्हाय. तपासणाऱ्यानं झोपंत तपासलाय." सही? ती पण त्यानंच ठोकली. वर म्हणतो, "मला काय कळत न्हाय व्हय कॉम्प्युटरातलं? मेहनत कळते की!"

काय बोलू? तपासणाऱ्यानं ते रेघ मारलेलं गणित धरलं तर पास. पास झाले तर दुसऱ्या दिवशी सुपारी. आणि तरीही आत कुठंतरी वाटतंय, धरावं ते गणित. बरोबर होतं ते!

१९ जून

कशातच लक्ष नाही. म्हशीला पेंड घालायची विसरले. तिनं शिंग लावलं, बरोबरच केलं.

३० जून

नो चेंज. नापास ते नापासच.

दादा म्हणाला, "विद्यापीठच बाद हाय." मी गोठ्यात गेले. हसू आलं आणि लगेच रडू. दोन्ही एकदम, थांबेचना. आप्पा मागून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जवळ बसले. "रडू नगंस. पुन्यांदा बसायचं. त्यास्नी मी थांबवलंय. तुझी डिग्री झाल्याबिगार मी काय ऐकत न्हाय." माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला शेणाचा, दुधाचा वास.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण एवढ्या मायेनं बोलत होते की मला त्या क्षणी खरं बोलवेना. मी भित्री आहे. शुद्ध भित्री.

५ जुलै

उद्या पुण्याचे येणार. समक्ष बोलायचंय म्हणाले. आईचा चेहरा उतरलाय. मोडायला येत असतील! शेजारची अंबूबाईपण तेच म्हणाली, "नापास पोरगी कोण करतंय, बाई!" किती बरं वाटलं ते ऐकून! म्हणजे सुटले. दिवाळीच्या आधी पेपर देईन, फाडून देईन, आणि मॅडमसमोर ताठ मानेनं उभी राहीन.

आज किती दिवसांनी पोटभर जेवले. दादा बघतच राहिला. "सोयरीक मोडायलीय आणि ही चौथी भाकरी मागायलीय!"

६ जुलै

मोडायला नव्हते आले.

बसवेशची आई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "एका पेपरानं काय होतंय? आम्हाला मुलगी हवीय. डिग्री नसली तरी चालेल. उगाच कशाला ताटकळायचं?" बसवेशही मान हलवत होता, अगदी मनापासून. आईला रडू फुटलं. आप्पा आढेवेढे घेत होते, पण चेहरा खुलला होता. शेवटी म्हणाले, "तुमचंच मन एवढं मोठं, तर मी शब्दाला किती धरून बसू?" आणि सुपारी उचलली.

मी म्हणाले, "मला न्हाय चालणार."

आणि मग सगळंच सांगून टाकलं, "मी नापास झालेलो न्हाय. पेपर मी मुद्दाम सोडला. हे लग्न नको म्हणून. मला शिकायचंय."

आईनं तोंडाला पदर लावला. आप्पांनी सुपारी खाली ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाले, "पुन्हा बोल."

मी पुन्हा बोलले.