वठलेलं झाड, कापसाची शेड आणि उरलेलं एक घुबड

अरे थोरल्या, त्या वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी रचलेल्या सिमेंटच्या गोण्या आधी उचल. मी अजून जिवंत आहे आणि मागचं अंगण अजून माझंच आहे. मृत्युपत्र त्यानंतर वाच.

आता रीतसर. गल्लीत जिला गादीवाली आजी म्हणतात ती मी, या घराची एकटी मालकीण, कोणाच्या दडपणाखाली नसताना, डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहिते. डोकं तापलेलं आहे. वकील म्हणाला, तापलेलं चालतं, फिरलेलं चालत नाही. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये.

कलम १. राहतं घर थोरल्याला. मी गाद्या शिवून-शिवून घेतलेलं घर आहे. स्वतःच्या लग्नात हा पाहुण्यांना सांगत होता, आईचा फर्निचरचा व्यवसाय आहे. तेव्हा मी गप्प बसले. आता दारावर ‘गादीवालीचं घर’ अशी पाटी लागेल, दुसरी नाही.

कलम २. शिलाई मशीन, दाभणं आणि मोठी कात्री सुनेला. तिच्यावर राग नाही. नवऱ्याने करायचं आणि हिने निस्तरायचं, यातच तिचं आयुष्य चाललंय.

कलम ३. कापसाची शेड, मागचं अंगण आणि त्यातलं वठलेलं झाड मुलीला. कारणही लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणतील म्हातारीला चळ लागला होता.

कापूस आला की उंदीर आलेच. तरी मी कधी औषध घातलं नाही, कारण झाडाच्या ढोलीत घुबडांची जोडी होती. ती ढोली आधी सुतारपक्ष्याने कोरली, मग पोपट राहून गेले, मग कुजून ती मोठी झाली आणि हे भाडेकरू आले. सालीखाली किडे, किड्यांवर सरडे, बुंध्याला अळंबी. गळून पडलेल्या भुशावर माझा भोपळ्याचा वेल पोसला. थोरला याला मेलेलं झाड म्हणतो. त्याच्या खोलीत दोनच माणसं राहतात आणि तीही एकमेकांशी बोलत नाहीत.

मोतीबिंदू काढायला मी मुलीकडे गेले, तेवढ्यात याने शेडमध्ये उंदरांचं औषध टाकलं. मला खूश करायचं होतं म्हणे. औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावतो, उघड्यावर झिंगत फिरतो. घुबडाला आयतीच शिकार. स्वतः खाल्ली, पिल्लांनाही भरवली. मी परत आले आणि नव्या डोळ्याने पहिलं स्वच्छ दिसलं ते शेडच्या दारात पडलेली मादी. पिल्लं ढोलीखाली.

मी विचारलं, “औषध कोणी टाकलं?”

थोरला मोबाइलमध्ये बघत राहिला. सून म्हणाली, “आई, उंदीर तर मेले ना.”

“त्याला विचारतेय. तुला नाही.”

“त्यांना मीटिंग आहे.”

उंदीर पुन्हा आले. उंदरीण महिन्या-महिन्याला विते, घुबडाला वर्ष लागतं. खाणारा एकटा नर उरला, तेव्हा गिऱ्हाइकांच्या नव्याकोऱ्या गाद्यांना भोकं पडली. यावर थोरल्याचा उपाय काय, तर आणखी औषध टाका, झाड तोडा, वर सिमेंट ओता आणि गाडी लावा.

नर अजून आहे. अंधार पडायच्या सुमाराला ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो. जोडीदारीण आलीच, तर तिला घर लागेल. मी वकिलाला म्हटलं, अंगण त्याच्याच नावावर करा. वकील म्हणाला, “आजी, घुबडाच्या नावाने नाही करता येत.” म्हटलं, “थोरल्याच्या नावाने करता येतं, मग घुबडाने काय घोडं मारलंय?”

म्हणून मुलीला अटी. गल्लीवर झुकलेल्या सुक्या फांद्या छाटाव्यात, खोड उभं ठेवावं. स्वतःहून पडलं तर पडू द्यावं, तिथेच कुजू द्यावं. उंदरांना पिंजरे लावावेत, औषध नाही.

कलम ४. थोरल्याने झाडाला कुऱ्हाड लावली किंवा कोणाकडून लावून घेतली, तर कलम १ रद्द. घरही मुलीचं. तो रडून दाखवेल, मला माहीत आहे. लहानपणी फुलदाणी फोडून असाच रडला होता आणि मार बहिणीने खाल्ला होता.

या सगळ्याची अंमलबजावणी मुलगी करेल.

ठिकाण : कापसाची शेड, दार उघडं, समोर झाड.
तारीख : सिमेंट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची, आकडा वकिलाने वर घातला आहे.
सही : गादीवाली आजी
साक्षीदार : समोरचा शिंपी. माझा डोळा केलेली डॉक्टरीण. दोघांनी मला सही करताना पाहिलं, दोघांना यातलं दमडी मिळत नाही.

वकिलाने सहीखाली रेघ ओढली आहे आणि रेघेखालचं धरत नाहीत म्हणे. थोरल्याने धरावं. मी गेल्यावर हे सगळ्यांसमोर मुलीने मोठ्याने वाचायचं, मग मागचं दार उघडून विचारायचं, झाड आहे का, घुबड आहे का. मोबाइल आधी काढून घ्यायचा. सुनेने तोंड उघडायचं नाही. उत्तर थोरल्याने द्यायचं.