तिरक्या उतारावर लावलेलं लॉक

आप्पा, मंगळवारी वाळूत आमची गाडी उलटली. मला फारसं काही झालं नाही. खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय आणि मान वळवताना दुखते, एवढंच. पण गाडी चालवणाऱ्या भाईंचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. भाई केरळचे, पन्नाशी ओलांडलेले, बावीस वर्षं इथल्या वाळूत गाडी चालवतात. कतारला येऊन मला सहा वर्षं झाली, आणि साइटवर जायचं म्हणजे त्यांच्याच शेजारी बसून, हे ठरलेलं. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "लॉक लावलं हुतं का?" आणि मला मान खाली घालावी लागली असती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मंगळवारपासून हा प्रश्न काही माझ्या कानातून जात नाही.

बर्फाबद्दल तुम्ही घरी फारसं बोलायचा नाहीत. लष्करात अठरा वर्षं ट्रक चालवलात, त्यातली सहा लडाखला, पण आम्हाला सांगायचात ते डिझेल कसं गोठतं, दाढीचं पाणी कसं कडक होतं, असलंच. त्या एका दिवसाची गोष्ट मीच तुमच्याकडून खणून काढली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नुकतंच शिकवून झालं होतं आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असं मला वाटत होतं. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही भिंतीला टेकून चहा पिताय, मी विचारतेय. रस्ता दरीकडे कललेला, वर काचेसारखा बर्फ. मागच्या एका चाकाला पकडीसाठी बांधलेली साखळी तुटली आणि ते जागच्या जागी गरगरायला लागलं. म्हणून तुम्ही मागच्या दोन्ही चाकांना एकत्र जखडणारं लॉक लावलंत. ट्रक पुढे जायच्या ऐवजी आडवा घसरून कलंडला. मागे सामानावर बसलेला तुमचा जोडीदार, आपल्या शेजारच्या तालुक्यातला, त्याखाली सापडला. एवढं सांगून तुम्ही थांबलात. मी थांबले नाही. आईच्या हाताखालचा पोळपाट ओढून घेतला, त्यावर तेलाचा हात फिरवला, तो तिरका धरला आणि दोऱ्याची दोन रिळं पेन्सिलीत ओवून तुम्हाला धडा दिला. एक चाक गरगरत असलं तरी दुसरं थांबलेलं असतं, तेच गाडीला आडवं जाऊ देत नाही. लॉक लावलं की दोन्ही एकदम फिरतात, मग धरून ठेवणारं कोणीच राहत नाही. "लॉक लावलं नसतंत तर तो वाचला असता आप्पा, सिंपल आहे," असं म्हणाले मी. सिंपल!

आई म्हणाली, "आण इकडं तो पोळपाट. शिकलीस तेवढं बास." तुम्ही कप विसळून पालथा घातलात आणि गोठ्याकडे गेलात. त्या जोडीदाराच्या आईला भेटायला तुम्ही दर दिवाळीला जायचात, फराळाचा डबा घेऊन. त्या वर्षी आईने डबा भरला, तो दोन दिवस फळीवर राहिला आणि मग आम्हीच खाल्ला. त्यानंतर तुम्ही त्या गावाला कधीच गेला नाहीत. आईला वाटलं, गुडघे दुखतायत. मला कारण माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

मंगळवारी आम्ही अल खोरहून पहाटेच निघालो होतो, दक्षिणेकडच्या वाळूतले पाइपलाइनच्या खुणांचे खांब तपासायला. दुपारी एकच्या सुमाराला शेवटचे दोन राहिले होते आणि चारला माझी ऑफिसात मीटिंग होती. मध्ये वाळूचा एक लांबलचक उतार. वळसा घातला तर पाऊण तास जास्त. भाई म्हणाले, "मॅडम, घूम के जाएगा." मी म्हटलं, "यल्ला, चलो भाई, टाइम नहीं है." उतार आडवा कापत अर्ध्यात आलो आणि मागचं वरच्या अंगाचं चाक गरगरायला लागलं. भाईंनी लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. "उतर के देखता हूँ. टायर का हवा थोड़ा और निकालेगा." तुम्हीही मला हेच शिकवलं होतं. आपल्या शेतात चिखलात जीप रुतली आणि मी रेस करत बसले, तेव्हा किल्ली काढून घेऊन तुम्ही ओरडला होतात, "पयलं खाली उतर! चाक काय करतंय ते बघ!" पण इथे मी म्हटलं, लॉक लगाओ. "इधर नहीं मॅडम, साइड में जाएगा." मी पुन्हा म्हटलं. "नहीं मॅडम." मग मी माझा ऑफिसातला आवाज काढला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. गाडीची मागची बाजू सरळ खाली गेली, खालची चाकं वाळूत रुतली आणि गाडी भाईंच्या बाजूवर कलंडली.

मला माहीत होतं, आप्पा. तेच मला सहन होत नाही. तुम्ही गोठलेल्या बोटांनी, दरीच्या कडेला, एका क्षणात ते केलंत. मी एसीत बसून, सगळं शिकून, दुसऱ्याच्या हातून करवून घेतलं, आणि तेही एका मीटिंगसाठी.

गुरुवारी हॉस्पिटलात गेले. भाई म्हणाले, "कोई बात नहीं मॅडम. मैंने कंपनी को लिख के दिया, मेरा गलती." चूक ड्रायव्हरची ठरली की कंपनी त्याला पुन्हा गाडी देत नाही, आणि या वयात त्यांना दुसरं कोण घेणार? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांनीच लिहून दिलंय ना? मग तू कशाला मध्ये पडतेस? पुढच्या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय." तो वाईट माणूस नाही. घाबरलाय, माझ्यासारखाच.

त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसलं होतं, आप्पा? मी उतार विचारला, वजन विचारलं, साखळी विचारली; हे विचारलंच नाही. बोलता बोलता तुम्ही एवढं म्हणाला होतात की साहेबांना अंधार पडायच्या आत पोचायचं होतं. मी तेव्हा रिळं शोधत होते. कदाचित लॉक लावायला साहेबांनी सांगितलं असेल, आणि तुम्हीही भाईंसारखे म्हणाला असाल की माझी चूक. कदाचित चूक तुमचीच असेल. आता ते सांगणारं कुणी राहिलं नाही. पण न विचारता निकाल दिला तो मी. तुमची त्या घरची वाट मी बंद केली, आणि याची माफी तुम्ही असताना मागायला हवी होती.

आज शनिवार. उद्या सकाळी, इथला कामाचा आठवडा सुरू होताच, अपघाताबद्दल माझं स्टेटमेंट द्यायचंय. लॅपटॉपवर ते तयार आहे. त्यात लिहिलंय, परिस्थिती पाहून लॉक लावायचं आम्ही दोघांनी ठरवलं. भाई दोनदा नको म्हणाले, हे त्यात नाही. ते घालायला एक ओळ पुरे. नाश्ता झाल्यावर तीच लिहायला बसले होते. ती लिहायला नको, म्हणून दुपारपर्यंत हे एवढं सगळं तुम्हाला लिहीत बसले.