एकुलता एक गोल

शुक्रवार, संध्याकाळ. बौशर.

लाज वाटतेय. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या जुन्या नोंदी तपासायचा माझा छंद. इथे आखातात शुक्रवारी सुट्टी, म्हणून सकाळीच मेलबर्नच्या एका म्हाताऱ्या बाईंना मीच फोन लावला. त्यांचे वडील एकच सामना खेळले, गोलही एकच. मी उत्साहात सांगून टाकलं, "जुन्या पेपरांत सापडलं, तो गोल दुसऱ्या खेळाडूचा होता. नोंद मी दुरुस्त केलीय."

त्या एवढंच म्हणाल्या, "बाबा शेवटपर्यंत त्या गोलबद्दल सांगायचे."

आणि तोच गोल मी पुसून टाकला! पण खरं सांगायला नको का? बायकोला तेच विचारलं. ती भाजी चिरत सगळं ऐकत होती.

"सांगायचंच," ती म्हणाली. "पण सांगताना तू हसत होतास."

हो. हसत होतो.