हिरवा अर्क

इंग्वावुमा,
१४ जून २००४

लाडक्या झिबुयिले,

आम्ही सगळे धडधाकट आहोत, तूही असशील. आपल्याकडची जूनची थंडी यंदा कडक आहे. एक गाय आटली, दुसरीचं दूध लापशीपुरतं होतं. मावशीचं गुडघ्यांचं रडगाणं चालूच आहे.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी पाठवलेला कागद मिळाला. ‘मुलीला तपासायला दिलेली पूड इसिभाहा झाडाच्या सालीची होती’, आणि खाली माझी सही. तशी सही मी करणार नाही.

सालीचा अर्क हिरवा का उतरतो, असं तू मार्चपासून तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा मी तुला कोंबड्यांची खबर कळवली. ती साल नव्हती, पोरी. पानं होती. चुलीच्या धुरावर तांबूस होईपर्यंत वाळवून कुटलेली. आणि इतकं शिकून तुला पानाचा रंग कळला नसेल, असं मला वाटत नाही. तूही चौथ्यांदा विचारलं नाहीस.

तीन हिवाळ्यांपूर्वी खोकल्याची साथ आली तेव्हा औषधासाठी माझ्या दारात रांग लागायची. साल उगवतीच्या बाजूची काढावी, तीही हातभरच, आणि जखमेवर शेणमाती लिंपावी, असं माझ्या आईने शिकवलं होतं. मी त्या आठवड्यात तुझ्या बाबांनी लावलेलं झाड चहूबाजूंनी सोललं. ते उभ्याउभ्या वाळलं. शहरातले चोर गाडी घेऊन आले होते, असं मी गावभर सांगितलं. चोर मीच. आता ओढ्याकाठी एकच कोवळं झाड उरलंय. त्याला सुरी लावायची माझी छाती होईना, म्हणून पानं खुडली. जिभेला तसाच चटका बसतो. लोकांनी ती साल समजून घेतली आणि त्यांना तसाच उतार पडला.

मग तूच कळवलंस, की बशीत पुडीभोवती जंतू वाढले नाहीत, जीभ भाजणारं द्रव्यही सापडलं, एकाच जातीचे जंतू दाद देत नाहीत. अगं, हे सगळं पानांनी केलं. मग लाजायचं कशाला? दाद न देणारेही लिही, काही झाकू नकोस.

शनिवारी वैदूंच्या बैठकीत मी हे सांगणार आहे. आम्हा वैदूंचे म्होरके म्हख्वानाझीबाबा, त्यांना कुणकुण लागली आहे. बाजारात सगळ्यांसमोर म्हणाले, “पाला शेळीला घालतात, मागुमेडे. माणसाला साल लागते.”

“मग झाड तुम्ही आणा,” मी म्हटलं.

ते मला बाजारातून उठवतील. उठवू देत. बत्तीस वर्षं औषधं विकत त्या जागी बसले, आता घरी बसेन. पण मी जिवंत असेपर्यंत ओढ्याकाठचं झाड कोणाला सोलू देणार नाही. मला त्यांची भीती नाही, तुझी वाटते. तुझी एवढ्या वर्षांची मेहनत माझ्या खोट्यापायी वाया गेली, तर तुला तोंड कसं दाखवू?

तरीही कागदावरचं ‘सालीची’ खोडून मी ‘पानांची’ लिहिलं, सही केली आणि तो आज सकाळच्या टपालाने मॅडमकडे पाठवून दिला. तो पोचायला चार दिवस लागतात; हे पत्र मात्र उद्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते, परवा तुला मिळेल. त्याआधी तू स्वतः जाऊन सांग. तुझ्या तोंडून कळलं तर ती चूक ठरेल, माझ्या कागदावरून कळलं तर लबाडी.

रागव हवं तेवढं, पण मॅडमना भेटून आल्यावर.

तुझी आई,
मागुमेडे